भूर्जाची होडी आणि धर्मदूतांचा जलमार्ग

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत बहुधा दगडचुन्याचा इतिहास येतो. पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, वेदी कोणत्या सालीं बसली आणि कोणकोणते धर्मगुरु येथें होऊन गेले, हें सर्व त्यांत ओळीनें लिहिलेलें असतें. आणि तें योग्यच आहे. तथापि देवालय उभें राहण्यापूर्वीं धर्मगुरूला त्या स्थळीं पोंचावें लागतें. आणि तो कशांत बसून, कोणाच्या आधारानें पोंचला, याची नोंद दगडावर कोरलेली क्वचितच आढळते. आमच्या देशीं कोठें तो बैलगाडींतून आला, कोठें घोड्यावरून, कोठें मचव्यांतून, आणि पुष्कळदां पायींच. या लेखांत आम्हीं अशा एका वाहनाची कथा सांगण्याचें योजिलें आहे कीं, जें केवळ हातांनीं घडविलेलें होतें, ज्यांत लोखंडाचा एकहि खिळा नव्हता, आणि ज्याच्यावांचून सतराव्या शतकांत उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागांत धर्मदूतांना पाऊल टाकणेंहि कठीण झालें असतें. तें वाहन म्हणजे त्या देशच्या मूळ रहिवाश्यांची भूर्जाच्या सालीची होडी.

भूर्ज हें नांव आमच्या वाचकांस परकें वाटण्याचें कारण नाहीं. ज्या सालीवर आपल्या पूर्वजांनीं काश्मीरांत ग्रंथ लिहिले, ती हिमालयांतील भूर्जाची साल. कॅनडांतील पांढरा भूर्ज त्याच कुळांतला. परंतु त्याची साल अधिक जाड व बळकट असते, आणि तिच्यांत पाणी मुरत नाहीं. आपल्याकडे ज्या सालीनें पोथी केली, तिकडे तिच्याच बहिणीनें होडी केली, असें म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं.

आतां तो देश कसा होता तें पहा. सेंट लॉरेन्स नदीच्या मुखापासून आंत हजारों मैल घनदाट अरण्य. त्यांत समुद्राएवढीं पांच महासरोवरें, आणि त्यांस जोडणाऱ्या असंख्य नद्या, ओढे व धबधबे. रस्ता म्हणून कांहीं नव्हताच. पाणी हाच रस्ता. परंतु तो अखंड नव्हे. कोठें नदी खडकांवरून कोसळते, कोठें दोन नद्यांच्या मध्यें कोसभर जमीन आडवी येते. अशा ठिकाणीं जड नौका निरुपयोगी. फ्रान्सहून आलेलीं शिडाचीं जहाजें खालीं बंदरांतच थांबत. पुढें जावयाचें तर असें वाहन हवें, जें पाण्यावर माणसाला वाहून नेईल आणि जमिनीवर माणूस त्याला वाहून नेईल. तें वाहन युरोपांतील कोणत्याहि गोदींत निर्माण झालें नव्हतें. तें अरण्यांत राहणाऱ्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या झिजून सिद्ध केलें होतें.

आपल्या किनाऱ्यावर एकसंध खोड कोरून केलेली होडी सर्वांनीं पाहिली असेल. खोड आंतून पोखरीत जावें तसतशी ती होडी आकार घेते. सालीच्या होडीची रीत याच्या अगदीं उलट. येथें आधीं कातडें आणि मागाहून हाडें, असा क्रम असतो. उन्हाळा लागून झाडांत रस चढला, कीं मोठा, सरळ व फांद्यांवांचूनचा भूर्ज निवडून त्याच्या सालीला उभी चीर देत, आणि ती साल एका मोठ्या पत्र्यासारखी अलगद सोडवून घेत. सपाट केलेल्या जमिनीवर ती अंथरून तिच्यावर लांकडी चौकट ठेवीत व चौकटीवर दगडांचें ओझें घालीत. मग साल दोहों बाजूंनीं वर वळवून सभोंवार ठोकलेल्या खुंट्यांच्या आधारानें उभी करीत. झाडावर असतांना जी बाजू पांढरी व बाहेरची, ती होडींत आंत येते. आणि आंतली पिंगट गुळगुळीत बाजू पाण्याकडे राहते.

यानंतर शिवण. स्प्रूस नांवाच्या सूचिपर्णी वृक्षाचीं लांब, बारीक मुळें जमिनींतून उपटून, सोलून, उभीं चिरून पाण्यांत भिजत घातलीं, कीं तीं दोऱ्यासारखीं लवचिक होतात. हाडाच्या आरीनें सालीला भोंकें पाडून या मुळांनीं सालीचे तुकडे एकमेकांस आणि होडीच्या लांकडी कांठास शिवीत. आमच्या अरबी समुद्राच्या कांठींहि पूर्वीं फळ्या काथ्यानें शिवून गलबतें बांधीत; तेव्हां शिवलेल्या नौकेची कल्पना आम्हांस नवी नाहीं. मग आंतून पांढऱ्या सीडरच्या पातळ चिपा उभ्या बसवीत, आणि त्यांवर त्याच लांकडाच्या फांसळ्या. हें लांकूड करवतीनें कापीत नसत, तर रेषेबरहुकूम चिरीत, म्हणजे त्याचे तंतू तुटत नाहींत. फांसळ्या कढत पाण्यानें मऊ करून वांकवीत, वाळूं देत, आणि अखेरीस एकेक करून मोगरीनें ठोकून कांठाखालीं अशा घट्ट बसवीत कीं, सारी साल ढोलाच्या चामड्यासारखी ताणली जाई. शेवटीं स्प्रूसची राळ तापवून, तिच्यांत जनावराची चरबी व कोळशाची पूड मिसळून, तो लेप प्रत्येक शिवणीवर देत. लांकूडकाम बहुधा पुरुषांचें. शिवण आणि लेप बहुधा स्त्रियांचा. होडी बुडेल कीं तरेल, हें बऱ्याच अंशीं त्या स्त्रियांच्या टांक्यांवर अवलंबून असे.

ही नौका वल्हविण्याची विद्याहि तितकीच सूक्ष्म. तींत बसणारा गुडघे टेंकून किंवा तळाशीं बसतो. उभा राहिला कीं होडी उलटलीच म्हणावी. वल्हें होडीच्या कांठाला अडकविलेलें नसतें; तें दोहों हातांत धरून, तोंड प्रवाहाकडे ठेवून मारावयाचें. पुढचा मनुष्य खडक पाहतो, मागचा दिशा सांभाळतो. खडकाचा एक ओरखडा सालीला भोंक पाडण्यास पुरे. म्हणून राळ आणि सालीचे तुकडे नेहमीं बरोबर असत, आणि संध्याकाळीं होडी किनाऱ्यावर उपडी घालून तिच्या जखमा बुजवीत. रात्रीं पाऊस आला तर तीच उपडी होडी छपराचें काम करी. प्रवाह दुर्घट झाला, कीं सामान उतरवून, होडी डोक्याखांद्यावर घेऊन, अरण्याच्या पायवाटेनें पुढच्या शांत पाण्यापर्यंत चालत जावें लागे.

अशा होडींत येशूसंघाचे धर्मगुरु प्रथम बसले, तेव्हां ते गुरु नव्हते, शिष्य होते. फादर ज्याँ द ब्रेबफ हे १६२५ सालीं कॅनडांत आले. दुसऱ्या वर्षीं ते ह्यूरॉन लोकांच्या देशीं जाण्यास निघाले, तेव्हां ह्यूरॉनांनीं त्यांस होडींत घेण्याचें नाकारलें. कारण धर्माचें नव्हतें. ब्रेबफ शरीरानें फार धिप्पाड होते आणि त्यांच्या भारानें होडी उलटेल अशी भीति होती. बऱ्याच भेटी दिल्यावर त्यांना जागा मिळाली. १६३४ सालीं ते पुन्हां त्याच मार्गानें गेले. क्वेबेकपासून ह्यूरॉनांच्या देशापर्यंत हा मार्ग सुमारें १,३०० किलोमीटरांचा, आणि प्रवास एक महिन्याचा. त्यांनीं मोजून ठेविलें आहे कीं, वाटेंत ३५ वेळां होडी व सामान खांद्यावर न्यावें लागलें, आणि निदान ५० वेळां पाण्यांत उतरून होडी ओढावी लागली. अन्न म्हणजे दगडांमध्यें भरडलेल्या मक्याची पातळ पेज. अंथरूण म्हणजे उघडा खडक.

या अनुभवांतून तयार झालेल्या सूचना १६३७ च्या वृत्तांतांत छापल्या गेल्या. ह्यूरॉनांकडे जाणाऱ्या नव्या धर्मगुरूंसाठीं त्या होत्या, आणि ब्रेबफ यांच्या नांवानें त्या आजहि ओळखल्या जातात. त्यांतील मुद्दे आम्हीं आपल्या शब्दांत देतों, कारण ते वाचून कोणाहि धर्मशिक्षकानें विचार करावा असे आहेत. होडी निघण्याच्या वेळीं या लोकांना कधींहि वाट पाहावयास लावूं नये. झगा वर खोंचावा, म्हणजे पायांबरोबर पाणी व वाळू होडींत येणार नाहीं. पाय अनवाणी असावे. डोक्यावरील रुंद टोपीनें शेजाऱ्यास त्रास होऊं नये. त्यापेक्षां रात्रीची साधी टोपी बरी. त्यांचें अन्न ते जसें देतील तसें खावें, मग तें अर्धकच्चें असो वा बेचव. फार प्रश्न विचारूं नयेत. वल्हें मारण्यास आरंभ करावयाचा तर तें शेवटपर्यंत मारण्याची तयारी ठेवावी. नाहीं तर आरंभच करूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, वाटेंत तुमच्याविषयीं त्यांचें जें मत बनेल, तेंच त्यांच्या गांवीं कायम राहील.

या सूचनांत तत्त्वज्ञान थोडें आणि होडीचा तळ अधिक आहे, असें कोणी म्हणेल. परंतु आम्हांस वाटतें कीं, नम्रतेचा याहून खरा धडा मिळणें कठीण. पॅरिसच्या विद्यालयांत शिकलेला पंडित त्या होडींत सर्वांत अडाणी मनुष्य होता. त्यास प्रथम निश्चल बसावयास शिकावें लागलें.

येथें एक कटु गोष्टहि सांगितली पाहिजे. उत्सवाच्या भरांत ती झांकून ठेवणें सत्याला धरून होणार नाहीं. ज्या जलमार्गांनीं धर्मगुरु व व्यापारी आंत गेले, त्याच मार्गांनीं युरोपांतील रोगहि गेले. १६३४ ते १६४० या अवधींत देवी व इतर सांथींनीं ह्यूरॉन लोकांची संख्या सुमारें निम्म्यावर आली. रोगाचें कारण त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें. परंतु आपल्या घरांत मृत्यु कोणाच्या पाठोपाठ आला, हें त्या लोकांनीं पाहिलें होतें, आणि त्यांच्यांतील अनेकांनीं धर्मगुरूंस चेटके मानिलें याचें नवल वाटावयास नको. तरीहि ब्रेबफ त्यांना सोडून गेले नाहींत. इरोक्वॉ लोकांच्या स्वारींत १६ मार्च १६४९ रोजीं, ज्यांच्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांच्याच भूमींत त्यांना हौतात्म्य आलें. १९३० सालीं पोप पायस अकरावे यांनीं त्यांना संतपद दिलें.

आतां दुसऱ्या एका होडीकडे वळूं. फादर जाक मार्केत यांचा जन्म १६३७ सालीं फ्रान्समधील लाँ या गांवीं झाला. १६६६ सालीं ते क्वेबेकला उतरले आणि त्यांनीं तेथील लोकांच्या अनेक भाषा शिकून घेतल्या. ह्यूरॉन व मिशिगन या सरोवरांच्या संगमाजवळ संत इग्नेशियस यांच्या नांवाच्या मिशनांत ते असतां, १६७२ च्या ८ डिसेंबर रोजीं, पवित्र मरियेच्या निष्कलंक संभवाच्या सणाच्या दिवशीं, लुई जोलिए हा तरुण प्रवासी त्यांजकडे आला. पश्चिमेकडील ‘मोठी नदी’ कोणत्या समुद्राला मिळते हें शोधण्याची आज्ञा त्यानें आणिली होती. १६७३ च्या १७ मे रोजीं ते दोघे आणि पांच सोबती, सालीच्या दोन होड्यांत, मका व थोडें धुरी दिलेलें मांस घेऊन निघाले.

मेनोमिनी लोकांनीं त्यांना परोपरीनें परावृत्त केलें. पुढें माणसांना होडीसकट गिळणारे राक्षस आहेत, असें त्यांनीं सांगितलें. मार्केत यांनीं त्यांचे आभार मानिले आणि ते पुढें गेले. फॉक्स नदी चढून ते मास्कूतेन लोकांच्या गांवीं पोंचले. तेथून दोन मायामी वाटाडे त्यांच्याबरोबर निघाले. रानटी भाताच्या शेतांसारख्या दलदलींतून वाट काढीत त्या वाटाड्यांनीं त्यांना एका अरुंद भूमीशीं आणिलें. तेथें होड्या पाण्याबाहेर काढून २,७०० पावलें वाहून न्याव्या लागल्या. हीं पावलें थोडीं, परंतु त्यांचें महत्त्व मोठें. अलीकडचें पाणी सेंट लॉरेन्सकडे जातें. पलीकडचें विस्कॉन्सिन नदींतून मिसिसिपीस मिळतें व दक्षिणेच्या आखातांत जातें. वाटाड्यांनीं होड्या उचलण्यास हात दिला आणि ते माघारीं गेले. १७ जून रोजीं दोन्ही होड्या मिसिसिपीच्या विशाल पात्रांत शिरल्या.

पुढील एक महिना त्यांनीं प्रवाहाबरोबर प्रवास केला. रात्रीं किनाऱ्यावर लहानशी चूल पेटवून जेवत आणि होडी दूर पात्रांत नांगरून तींतच निजत. एकदां एक प्रचंड मासा होडीवर असा आदळला कीं, झाडाचें खोडच आपटलें असें मार्केत यांना वाटलें. इलिनॉय लोकांनीं त्यांचें प्रेमानें स्वागत केलें आणि शांतीची खूण म्हणून एक चिलीम दिली. त्या चिलमीनें पुढें त्यांचे प्राण वांचविले. मिचिगामिया लोकांच्या गांवाजवळ तरुण योद्धे कोरीव लांकडी होड्यांत बसून त्यांना दोहों बाजूंनीं घेरूं लागले. तेव्हां मार्केत यांनीं ती चिलीम उंच धरली, आणि ती ओळखून गांवच्या वृद्धांनीं तरुणांना आवरलें. उत्तरेकडील साल आणि दक्षिणेकडील खोड, अशा दोन नौकांची ही भेट होती. आर्कान्सा नदीच्या मुखाजवळ पोंचल्यावर नदी मेक्सिकोच्या आखातास मिळते याविषयीं त्यांची खात्री झाली, आणि १७ जुलै रोजीं ते परत फिरले. आतां प्रवाह विरुद्ध होता. सप्टेंबरअखेर ते ग्रीन बे येथील मिशनांत आले. चार महिन्यांत सुमारें ४,००० किलोमीटरांचा प्रवास त्या सालीच्या होड्यांत झाला होता.

ज्या मिशनांत ते विसावले त्याचें नांव संत फ्रान्सिस झेवियर! १६६९ सालच्या ३ डिसेंबर रोजीं, संताच्या सणाच्या दिवशीं, फादर क्लॉद आलुए यांनीं त्या भागांत पहिली मिस्सा अर्पण केली, म्हणून तें नांव पडलें. ज्यांचें पवित्र शरीर आमच्या गोव्यांत आहे, त्यांचेंच नांव त्या दूरच्या सरोवरकांठीं सालीच्या झोपड्यांत उच्चारलें जात होतें.

परतीच्या वाटेवर कास्कास्किया येथील इलिनॉय लोकांना मार्केत यांनीं पुन्हां येण्याचें वचन दिलें होतें. शरीर आजारानें पोखरलें असतांहि १६७४ च्या ऑक्टोबरांत ते निघाले. या वेळीं होडींत दोनच सोबती; त्यांच्या रोजनिशींत त्यांचीं नांवें नुसतीं जाक व पिएर अशीं येतात. शिकागो नदीच्या कांठीं त्यांना हिवाळा काढावा लागला. १६७५ च्या एप्रिलांत ते कास्कास्कियाला पोंचले, पवित्र गुरुवारीं उघड्या माळावर उपदेश केला आणि पुनरुत्थानाच्या सणाची मिस्सा अर्पण केली. वचन पुरें झालें. परतीच्या वाटेवर मिशिगन सरोवराच्या पूर्वतीरावर त्यांना उचलून किनाऱ्यावर न्यावें लागलें. दोघां सोबत्यांनीं सालीची एक लहानशी झोंपडी उभी केली, आणि तींत १८ मे १६७५ रोजीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, त्यांनीं प्राण ठेविला. संत फ्रान्सिस झेवियर हेहि चीनच्या किनाऱ्याजवळ परक्या बेटावर एका झोंपडींतच निवर्तले होते, याचें स्मरण येथें कोणासहि होईल.

परंतु आम्हांस जी गोष्ट सांगावयाची होती ती यापुढची आहे. मार्केत यांनीं पूर्वीं शिकविलेले किस्काकोन ओटावा लोक १६७७ सालीं शिकारीहून परततांना त्या थडग्यापाशीं आले. कोणाचीहि आज्ञा नव्हती. आपल्या प्रिय माणसांविषयीं जी रीत ते पाळीत, तीच त्यांनीं पाळली: अस्थि काढून, धुऊन, उन्हांत वाळवून, भूर्जाच्या सालीच्या पेटींत ठेविल्या. सुमारें ३० होड्यांचा तांडा ती पेटी घेऊन सरोवरांतून उत्तरेकडे निघाला. ८ जून रोजीं तो संत इग्नेशियसच्या मिशनाजवळ आला. तेथील धर्मगुरु सामोरे गेले, प्रार्थना म्हटल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीं अस्थि देवालयाच्या मध्यभागीं पुरण्यांत आल्या. सुमारें दोनशें वर्षांनीं, १८७७ सालीं, ती जागा पुन्हां सांपडली. तेव्हां अस्थींच्या तुकड्यांबरोबर सालीचे अवशेषहि मातींत मिळाले. त्यांतील कांहीं अस्थि पुढें मिलवॉकीच्या मार्केत विद्यापीठाकडे गेल्या. त्या २०२२ सालीं परत आणून, तेथील मूळ लोकांच्या साक्षीनें, पुन्हां त्याच भूमींत ठेविण्यांत आल्या.

वाचकहो, ज्या सालीनें त्या धर्मगुरूला जिवंतपणीं वाहून नेलें, तिनेंच त्याला मरणानंतर घरीं आणिलें. तो त्या लोकांच्या होडींत पाहुणा म्हणून चढला होता. त्यांनीं त्याला आप्त म्हणून परत नेलें. यापेक्षां मोठें प्रशस्तिपत्र कोणत्याहि धर्मदूतास मिळालें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि तरीहि एक उणीव मनाला बोंचते. १६७३ च्या प्रवासवृत्तांत ‘पांच माणसें’ इतकाच उल्लेख त्या सोबत्यांचा आहे. होड्या कोणीं बांधल्या, साल कोणीं सोडविली, कोणत्या स्त्रियांनीं मुळांनीं टांके घातले, याविषयीं एक अक्षरहि नाहीं. नद्यांना, नगरांना, विद्यापीठाला मार्केत यांचें नांव मिळालें. ज्या हातांच्या शिवणीवर त्यांचा जीव तरंगत होता ते हात निनांवी राहिले. ती विद्याहि मोटारबोटींच्या काळांत लोपण्याच्या बेतास आली होती. एडविन टॅपन ॲडनी या गृहस्थानें १८८९ पासून आयुष्यभर होड्यांचीं मापें घेतलीं, कारागिरांपाशीं बसून रीत टिपली व लहान प्रतिकृति केल्या. तो १९५० सालीं वारला आणि त्याच्या टिपणांचा ग्रंथ १९६४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या लोकांच्या वंशजांत आजहि अशा होड्या बांधणारे आहेत, आणि ते तरुणांस ती कला शिकवीत आहेत, हें समाधान.

म्हणून ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं आमची एकच विनंति आहे. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहितांना धर्मगुरूंचीं नांवें अवश्य लिहावीं. पण त्यांच्यासाठीं गाडी जुंपणारा, त्यांना ओढ्यापलीकडे नेणारा, त्यांना आपली भाषा शिकविणारा व आपल्या ताटांतली भाकरी देणारा, चुन्याच्या पाट्या डोक्यावर वाहणाऱ्या बाया, घंटा वाजविणारा म्हातारा, या सर्वांचीं नांवें ज्यांना अद्याप आठवतात त्या वडीलधाऱ्यांपाशीं बसून तीं आतांच लिहून घ्यावीं. तीं माणसें एकदां गेलीं, म्हणजे त्यांचीं नांवें सांगणारें कोणी उरत नाहीं. श्रद्धेची नौका पाण्यावर राहते ती पुढें बसलेल्या एकाच्या बळावर नव्हे. तिच्या प्रत्येक टांक्यावर राहते. ज्यानें कोळ्यांच्या मचव्यांत बसून लोकांना उपदेश केला, त्या प्रभूला त्या मचव्याच्या मालकाचें नांव ठाऊक होतें. आपणहि आपल्या होडीवाल्यांना विसरूं नये, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.